मोंतेपुल्चानो वरून खाली: गुडघे सांभाळून वाईनच्या गावी

आधी नावाचा घोळ मिटवते. माझ्या साठीला जावयाने एक बाटली आणली होती, लेबलावर 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्झो'. मी तीन महिने सगळ्या माहीमभर सांगत होते की आम्ही इटलीत या वाईनच्या गावाला निघालोय. तिथे गेल्यावर कळलं, ती बाटली त्या गावची नव्हेच! ते एका द्राक्षाचं नाव, आणि ते पिकतं पलीकडे एड्रियाटिक समुद्राच्या अंगाला, आब्रुत्झो प्रांतात. मुंबईत मद्रासी कांदा मिळतो म्हणून तो आणायला कोणी चेन्नईला जात नाही, तसंच. टस्कनी प्रांतातल्या मोंतेपुल्चानो गावची वाईन म्हणजे 'विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो'. ती मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची, निदान 70 टक्के. गावात त्याच द्राक्षाला प्रुन्योलो जेंतिले म्हणतात. लेबलावर आता 'तोस्काना' असंही छापतात, ते बघून घ्या.

मी पोळी-भाजी केंद्र चालवते. बरोबर होत्या माझ्या थोरल्या जाऊबाई, दोन्ही गुडघे बदललेल्या. त्यांच्यामुळेच गाव वरून खाली बघायची ही सगळी पद्धत बसली, आणि ती धडधाकट माणसांनाही सोयीची आहे.

व्हिसाचं थोडक्यात: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट शोधायला बसू नका.

रोमहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या गाडीने 'क्यूझी-क्यान्चानो तेर्मे' स्टेशनला उतरायचं. साधी गाडी दीडेक तास घेते. तिथून बस, तासाभराची. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानातही मिळतं, म्हणजे आपल्या पानटपरीवर बेस्टचं तिकीट मिळावं तसं. रविवारी बस फार कमी असतात. आम्ही रविवारीच गेलो आणि स्टेशनच्या बाकावर बसून दशम्या संपवल्या.

आता मुख्य गोष्ट. गाव डोंगराच्या धारेवर आहे, समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास. खालच्या 'पोर्ता अल प्रातो' वेशीतून एक रस्ता सुरू होतो आणि चढत चढत वरच्या 'पियात्सा ग्रांदे' चौकात जातो. बहुतेक लोक खालून सुरू करतात आणि धापा टाकत अर्ध्यावरच वाईन प्यायला लागतात. तसं करू नका. छोटी बस थेट वर जाते. तिने वर जायचं, सगळं गाव उतरणीला लावायचं. उतरताना मात्र काठी हवीच, दगडी फरशी गुळगुळीत आहे. "अगं, हे तर रायगडाला रोपवेने जाण्यासारखं झालं," जाऊबाई म्हणाल्या. पण तक्रार नव्हती.

वरच्या चौकात पालिकेची इमारत आहे. फ्लोरेन्सच्या पालात्सो वेक्यो राजवाड्याची धाकटी बहीण वाटते. दर्शनी भाग मिकेलोत्सो या वास्तुकाराचा. समोरच्या कॅथेड्रलचं तोंड मात्र विटांचं, ओबडधोबड, कधी पूर्णच झालं नाही. आत जा, तादेओ दि बार्तोलोचं 1401 चं सोनेरी चित्र वेदीवर आहे. चौकातल्या विहिरीवर सिंह आणि ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह असा काल्पनिक प्राणी) बसलेत, तिच्या कठड्याला टेकून गुडघ्यांना विश्रांती द्या.

मग तळघरं. या वाड्यांच्या पोटात दगडी कमानींची जुनी कोठारं आहेत आणि त्यांत माणसाहून उंच लाकडी पिंपं. चौकातच कोन्तुच्ची घराण्याचं तळघर आहे. थोडं खाली रिच्ची वाड्याचं, ते देवळाच्या सभामंडपासारखं उंच आहे. ऑक्टोबरात बाहेर ऊन होतं, आत मात्र आम्हाला शाल लागली. पायऱ्या ओल्या असतात, भिंत धरा.

चाखताना क्रम पाळा. आधी 'रोस्सो', ती तरुण वाईन. मग नोबिले, ती निदान दोन वर्षं मुरलेली. मग 'रिझेर्वा', तीन वर्षांची. गोड 'विन सान्तो' अगदी शेवटी, नाहीतर पुढचं सगळं आंबट लागतं. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकायला लाजू नका, जाणकारही तेच करतात. मला नोबिलेत आमसुलाचा वास आला. घोट गिळल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, कच्ची सुपारी चघळल्यावर होते तशी. ती वाईन बिघडलेली नसते, तो द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा. म्हणून पाव खात राहायचं. त्या पावात मीठ नसतं! स्वयंपाकिणीचा विसर म्हणून मी मनातल्या मनात माफही केलं होतं. टस्कनीचा पाव अळणीच असतो.

जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरं रात्रीपर्यंत बंद. 'पीची' मागवा. कणीक-पाण्याचा गोळा, हाताने वळलेल्या जाड शेवया. आमच्याकडे लग्नाआधी बायका गव्हले-बोटवे वळायला बसतात, तेच काम, फक्त गव्हला वीतभर लांब करायचा. शाकाहारींनी 'पीची आल्लाल्योने' सांगावं: टोमॅटो आणि गावाखालच्या क्याना खोऱ्यातला भलामोठा, सौम्य लसूण. पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं चीज नावाजलेलं, पण ते विरजायला प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवणारा, जठरातून काढलेला अर्क) वापरतात. कडक शाकाहारींनी विचारून घ्यावं.

उतरताना घड्याळाच्या मनोऱ्यावर पुल्चिनेल्ला या इटालियन नाटकातल्या विदूषकाचा पुतळा तासाचे ठोके देतो, तेवढ्यासाठी थांबा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी याच रस्त्याने आठ मोहल्ल्यांची पोरं 80 किलोची पिंपं चढावर ढकलत वरच्या चौकात नेतात. ऐकूनच दहीहंडी आठवली. त्या दिवसांत जायचं तर खोली फार आधी घ्या.

वेशीबाहेर खाली सान ब्याजोचं देऊळ, 1518 साली थोरल्या अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराने सुरू केलेलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं. तिथून परत वर यायची चढण वाईट आहे. जाऊबाईंना टॅक्सीने नेलं.

बाटल्या आणायच्या तर हिशोब पक्का ठेवा. भारतात माणशी दोन लिटर करमुक्त. बाटली 750 मिलीची, म्हणजे दोन घ्या, तिसरीला कर लागेल. हातातल्या बॅगेत चालत नाहीत. जुन्या सुती साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. घरी आल्यावर मुंबईच्या कपाटात ठेवू नका, उकाड्यात वाईन मरते. उभीही नको, बूच सुकतं. माझी दुसरी बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी आहे, कोथिंबिरीच्या जुडीला टेकून.