रजिस्ट्रीतली एकच व्हॅल्यू कमांडने कशी काढावी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात अकरा कॉम्प्युटर. जुना प्रिंटर भंगारात गेला, त्याचं सॉफ्टवेअरही काढलं, तरी रोज सकाळी लॉगिन केलं की स्क्रीनवर रनडीएलएलची (डीएलएल फाइली चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमची) चौकट हजर: अमुक मॉड्यूल सापडत नाही. ओके दाबायचं आणि कामाला लागायचं, असे दोन महिने गेले. सॉफ्टवेअर गेलं होतं, पण लॉगिनच्या वेळी त्याला हाक मारणारी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, नोंद मागे राहिली होती.

अकरा ठिकाणी रजिस्ट्री एडिटर उघडत बसण्यापेक्षा कमांड बरी. खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरा.

आधी एक गोष्ट पक्की करा. रजिस्ट्रीत ‘की’ म्हणजे फोल्डरसारखी जागा आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्यातली एक नोंद. आपल्याला फक्त नोंद काढायची आहे. इथे रिसायकल बिन नसतो.

१. लॉगिन होताच काय काय चालवायचं त्याच्या नोंदी ‘रन’ नावाच्या कीमध्ये असतात. साधं कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ती नुसती वाचा:

रेग क्वेरी एचकेसीयू\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\रन

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी दिसतील: व्हॅल्यूचं नाव, तिचा प्रकार (बहुधा रेग_एसझेड, म्हणजे साधा मजकूर) आणि कोणती फाइल चालवायची तो पाथ. आमच्याकडे एका ओळीच्या पाथमध्ये रनडीएलएल३२ आणि जुन्या प्रिंटरचं फोल्डर दिसलं. नाव तिथूनच कॉपी करा. नावात स्पेस असेल तर कमांडमध्ये ते अवतरणचिन्हांत घालावं लागतं.

२. बॅकअप घ्या. फोल्डर आधी तयार ठेवा, मग:

रेग एक्सपोर्ट एचकेसीयू\…\रन डी:\बॅकअप\रन.रेग /वाय

(टिंबांच्या जागी वरचाच पूर्ण पाथ.) जुनी फाइल असली तर /वाय न विचारता तिच्यावरच लिहितो.

३. आता काढा:

रेग डिलीट एचकेसीयू\…\रन /व्ही "प्रिंट मॉनिटर"

/व्हीपुढे काढायच्या व्हॅल्यूचं नाव येतं; आमच्याकडे ते ‘प्रिंट मॉनिटर’ होतं. मुद्दाम /एफ लावलेलं नाही. ते नसलं की कमांड हो-नाही विचारते, आणि तो प्रश्न नीट वाचायचा. त्यात फक्त ‘व्हॅल्यू’ असा शब्द असेल तर हो म्हणा. ‘की’ दिसला तर लगेच नाही. /व्ही आणि त्यापुढचं नाव दोन्ही विसरलात तर अख्खी रन की, आतल्या सगळ्यासकट, जाते. /व्हीए लिहिलं तर की राहते, पण तिच्यातल्या सगळ्या व्हॅल्यू जातात.

हे मला अनुभवाने कळलं. काही वर्षांपूर्वी वाशीत एका ठिकाणी घाईत /व्ही आणि नाव दोन्ही राहिलं आणि /एफ मात्र न विसरता लावला होता! एक्सपोर्ट केलेलं नव्हतं. शेजारच्या मशीनवरून ती की आणली आणि तिच्यातल्या पाथमधली दुसऱ्या युजरची नावं नोटपॅडमध्ये एकेक करून बदलत बसलो. मालक शेजारी चहा घेत उभे होते, काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

४. एका मशीनवर जमलं की मगच स्क्रिप्ट. नोटपॅडमध्ये या ओळी लिहून फाइल बॅट एक्स्टेन्शनने सेव्ह करा:

सेट के=एचकेसीयू\…\रन
रेग क्वेरी %के% /व्ही "प्रिंट मॉनिटर" || एक्झिट /बी
रेग एक्सपोर्ट %के% डी:\बॅकअप\रन.रेग /वाय || एक्झिट /बी
रेग डिलीट %के% /व्ही "प्रिंट मॉनिटर" /एफ

दोन उभ्या रेघांचा अर्थ: आधीची कमांड फसली तरच पुढची चालवा. म्हणजे व्हॅल्यू नसेल किंवा बॅकअप झाला नाही, तर स्क्रिप्ट डिलीटपर्यंत पोचतच नाही. बॅकअपची ओळ वेळ वाचवायला म्हणून कधीही उडवू नका.

एचकेसीयू म्हणजे आत्ता लॉगिन असलेल्या युजरचा भाग. त्यामुळे स्क्रिप्ट त्या-त्या माणसाच्या लॉगिनमध्येच चालवा. दुसऱ्या अकाउंटचा पासवर्ड देऊन ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलंत तर त्या अकाउंटची रजिस्ट्री उघडते. तिथे ती व्हॅल्यू नसेल तर स्क्रिप्ट पहिल्याच टप्प्यावर थांबते, आणि चौकट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते.

५. चुकलंच तर रेग इम्पोर्ट डी:\बॅकअप\रन.रेग. काढलेलं परत येतं. मध्ये नवीन काही जमा झालं असेल तर ते मात्र तसंच राहतं.

नौपाड्यात नऊ मशीन या स्क्रिप्टने सुटल्या. उरलेल्या दोनवर क्वेरीलाच काही सापडेना. तिथे प्रिंटरने सगळ्या युजरसाठी म्हणून नोंद एचकेएलएममध्ये केली होती. तिथली व्हॅल्यू काढायला प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडावा लागतो. त्यातही एक मशीन हटून बसली: ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं सॉफ्टवेअर होतं, आणि अशांची नोंद वेगळ्या कप्प्यात पडते. क्वेरी, एक्सपोर्ट आणि डिलीट, तिन्ही कमांडच्या शेवटी /रेग:३२ जोडलं, तेव्हा कुठे ती चौकट गेली.