कॅल्शियमचा आकडा लाल नसला तरी

मी सदाशिव पेठेतल्या एका लॅबसाठी घरोघरी रक्त घ्यायला जाते. मागे कोथरूडला एका काकांकडे गेले होते. मूत्राशयाचा कॅन्सर. काकू म्हणाल्या, "आठवडा झाला पोट साफ नाही, सारखं पाणी मागतात, बोलता बोलता डोळा लागतो. वय झालं, दुसरं काय!" संध्याकाळी रिपोर्ट आला. कॅल्शियम १०.४, मर्यादा १०.५, त्यामुळे आकडा लाल नव्हता.

पण हीच लक्षणं कॅल्शियम वाढल्याचीही असतात. अशा वेळी आधी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, बघा. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम त्याला चिकटून असतं. आजारपणात अल्ब्युमिन घसरलं की कॅल्शियमही उगाच कमी दिसतं. ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, येईल ते कॅल्शियममध्ये मिळवा. काकांचं अल्ब्युमिन २.६. म्हणजे १.४ गुणिले ०.८, १.१२. कॅल्शियम झालं ११.५! हा अंदाजच, आयोनाइज्ड, म्हणजे कशाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम तपासून घेतलं तर उत्तम. पण डॉक्टरांना फोन करायला एवढं पुरे.

काही गाठींतल्या पेशी स्वतःच पीटीएच-आरपी नावाचं हार्मोन बनवतात. ते गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींच्या हार्मोनची, पीटीएचची, नक्कल करतं: हाडांतून कॅल्शियम बाहेर काढतं, मूत्रपिंडांना ते सोडू देत नाही. म्हणून डॉक्टर पीटीएचही तपासतात. कॅल्शियम वाढलेलं असूनही ते कमी आलं की गाठीवरचा संशय बळावतो. (काही गाठी बीटा-एचसीजी बनवतात, गरोदरपणातलं हार्मोन. पुरुषाच्या रिपोर्टवर ते दिसलं तर हसू नका. आणि मेडिकलमधली गरोदरपणाची पट्टी आणून घरी प्रयोग करू नका. गाठीतून बहुधा हार्मोनचा सुटा तुकडाच येतो, पट्टीला तो दिसेलच असं नाही.)

रक्त देताना पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळू देऊ नका, मूठ उघडझाप करू नका, सलाईन चालू असलेला हात देऊ नका. जांभळ्या बुचाची ट्यूब कॅल्शियमच्या ट्यूबनंतरच. पहिल्या वर्षी मी तिच्यातलं थोडं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं होतं. जांभळ्या ट्यूबमधलं इडीटीए, रक्त गोठू न देणारं रसायन, कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियमचा रिपोर्ट ३ च्या खाली. सर म्हणाले, "इतकं कॅल्शियम असलेला माणूस तुला दार उघडायला आला होता?"

पीटीएच-आरपीसाठी कुठली ट्यूब लागते ते आधीच विचारा. नमुना बर्फात जातो, कारण ते लवकर विरतं.

कॅल्शियमच्या, डी व्हिटॅमिनच्या, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. माणूस गुंगीत असेल तर सकाळची वाट बघू नका.

काकांना त्याच रात्री सलाईन लागलं, मग झोलेड्रॉनिक ॲसिड, हाडांतून कॅल्शियम बाहेर पडणं रोखणारं औषध. चौथ्या दिवशी काकूंचा फोन: "सुई जोरात टोचलीस म्हणून तक्रार चाललीय."