गच्चीवरचं वायरलेस सारखं तुटतंय? डिव्हाइस बदलण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात गच्चीवर किंवा शेडच्या पत्र्यावर लावलेल्या, हवेतून इंटरनेट घेणाऱ्या वायरलेस डिव्हाइसला काय काय सोसावं लागतं बघा. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे, मग वळवाचा वारा आणि विजा, मग सप्टेंबरचा पाऊस. लिंक, म्हणजे समोरच्या टॉवरशी असलेली जोडणी, तुटायला लागली की आपल्याकडे लगेच ठरतं, "डिव्हाइस गेलं, नवीन टाका." माझा अनुभव असा की दोष बहुतेक वेळा बाहेर असतो, केबलमध्ये, कनेक्टरमध्ये नाहीतर अडॅप्टरमध्ये. त्याच केबलवर नवीन डिव्हाइस लावलं की थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिंक नेमकी कधी तुटते हे न बघताच कामाला लागणं. वहीत वेळ लिहा. भर दुपारीच तुटत असेल तर उष्णता. पाऊस पडून गेल्यावर तुटत असेल तर पाणी. वारा सुटल्यावर तुटत असेल तर खांब किंवा क्लॅम्प ढिला. रोज संध्याकाळी तुटत असेल तर चॅनेलवर, म्हणजे डिव्हाइस वापरतं त्या लहरींच्या पट्ट्यावर, गर्दी. आणि घाईघाईनं रिस्टार्ट करू नका, बऱ्याच डिव्हाइसमधला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, त्यानं पुसला जातो. आधी लॉगिन करून अपटाइम, म्हणजे डिव्हाइस सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. तो शून्यापासून सुरू झाला असेल तर बहुतेक वेळा वीज कमी पडतेय. अपटाइम चालू आहे पण लिंक गेली, तर केबल किंवा सिग्नल तपासायचा. लॅन पोर्ट (केबल लागते ती खाच) १००ऐवजी १० एमबीपीएस दाखवत असेल तर थेट केबलकडे वळा.

केबलवर सगळ्यात जास्त पैसे वाचवले जातात आणि सगळ्यात जास्त त्रासही तिथूनच येतो. घरात वापरायची करडी केबल गच्चीवर ओढली की उन्हानं तिचं आवरण कडक होतं, तडकतं. वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. पावसाचं पाणी त्या भेगांतून आत शिरतं आणि आवरणाच्या आतून उतरत खालच्या अडॅप्टरपर्यंत येऊ शकतं. वरच्या टोकाचा कनेक्टर काढून उजेडात धरा. सोनेरी पिना हिरवट किंवा काळ्या पडल्या असतील तर त्या घासून पुन्हा लावू नका. आतली तार चकचकीत दिसेपर्यंत केबल मागे कापत या आणि नवीन कनेक्टर क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून बसवा.

कापताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, त्यामुळे लांब केबलवर वरपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही आणि लोड वाढला की डिव्हाइस आपोआप रिस्टार्ट होतं. बाहेरच्या कामाला काळी, उन्हात टिकणारी, शुद्ध तांब्याचीच केबल घ्या. इथे काटकसर नको. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, मध्ये टेप गुंडाळलेला जोड नको. केबल डिव्हाइसमध्ये खालूनच शिरू द्या आणि त्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

पीओई अडॅप्टर, म्हणजे लॅन केबलमधूनच डिव्हाइसला वीज देणारा अडॅप्टर, बदलताना पिन बसली की झालं, असं समजू नका. काही डिव्हाइस २४ व्होल्टवर चालतात, काहींना ४८ लागतात, आणि २४च्या डिव्हाइसला साधा ४८चा अडॅप्टर लावला तर ते जळू शकतं. लेबल वाचूनच जोडा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये अडॅप्टर उघडा ठेवला की त्यावर सुताची धूळ बसते आणि तो तापतो. बंद पत्र्याच्या डब्यात कोंडला तरी तापतोच. सावलीत, भिंतीला, हवा लागेल असा टांगा. लाइट येता-जाता बसणारे झटके छोट्या यूपीएसनं पुष्कळ कमी होतात. खांबाला अर्थिंग हवंच. वळवाचे ढग जमले असताना मात्र दुरुस्तीसाठी गच्चीवर मुळीच चढू नका.

आता सिग्नल. समोरचा टॉवर दिसतो म्हणजे लाइन मोकळी आहे, हा समज चुकीचा. १ किलोमीटरच्या ५.८ गिगाहर्ट्झ लिंकला मधोमध सगळीकडून साधारण साडेतीन मीटर जागा लागते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. जुळे सोलापुरात मध्ये एक मजला चढला किंवा कडुनिंब वाढला की गेल्या वर्षी चाललेली लिंक यंदा अडखळते. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० ते उणे ६५ डीबीएम सिग्नल ठीक, उणे ७५ आला तर दिशा पुन्हा जुळवा. ८० मेगाहर्ट्झची चॅनेल रुंदी ठेवून वेग वाढेल असं वाटतं, पण गर्दीत २० किंवा ४०च जास्त टिकते.

ठरावीक चॅनेलवर अचानक मिनिटभर सगळं बंद पडत असेल तर रडारचा विचार करा. हवामानाची सी-बँड रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ढगांच्या प्रयोगासाठी सोलापुरात असं रडार लावलं होतं. रडारची चाहूल लागली की डिव्हाइसला तो चॅनेल सोडून ३० मिनिटं लांब राहावं लागतं, आणि नवा चॅनेल रडारच्या पट्ट्यातला असेल तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. यावर पॉवर वाढवून काही होत नाही. ५७२५ मेगाहर्ट्झच्या वरचा चॅनेल घ्या, तो परवानामुक्त पट्ट्यातच येतो.

एवढं सगळं तपासूनही तुटतच असेल तर खुशाल नवीन डिव्हाइस घ्या. पण त्याला जुना अडॅप्टर लावू नका.