पहिल्यांदा लॅपला (पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला) कॅमेरा धरणाऱ्या जेआर वनसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी

पुण्यात सर्जरीला लागलो तेव्हा वाटायचं कॅमेरा धरणं म्हणजे नुसतं उभं राहायचं काम. माझी पहिली जठराची केस, सासवडच्या काकू, ॲसिडिटीसाठी स्कोपी केली (तोंडातून जठरात दुर्बीण) आणि त्यात चार सेंटिमीटरची गाठ दिसली. बायप्सीत नुसतं वरचं अस्तर आलं, कारण असल्या गाठी अस्तराखाली असतात आणि चिमटा तिथवर पोचतच नाही. सीटीवाले म्हणाले जिस्ट असेल, म्हणजे जठराच्या भिंतीतली, कॅन्सरसारखी पसरू शकणारी गाठ.

तर आधी कॅमेरा. तीस डिग्रीचा स्कोप असतो, बाजूला बघायचं तर लाइट केबल फिरवायची, कॅमेरा हेड सरळच ठेवायचं. मी हेड फिरवलं, स्क्रीनवर अख्खं पोट तिरकं, सर म्हणाले "अरे, जमीन कुठाय?" आणि काच धुरकट होतेच, म्हणून गरम सलाईनचा थर्मास सिस्टरना आधीच मागून ठेवा, ऐन स्टेपलर (जठर कापून लगेच शिवणारं यंत्र) मारताना वॉर्डबॉय मामांना पळवू नका.

गाठ ग्रास्परने (पकडायच्या चिमट्याने) कधीच धरायची नाही, शेजारचं जठर धरायचं. गाठ साधी आहे की जिस्ट हे टेबलावर कुणालाच माहीत नसतं, जिस्ट असली आणि फुटली तर पेशी पोटभर पसरतात, म्हणून बाहेर पण एंडोबॅगेतूनच, म्हणजे पोटातच पिशवीत भरून काढायची. आमची गाठ पुढच्या भिंतीवर होती त्यामुळे स्टेपलरने वेज, म्हणजे गाठीसकट भिंतीचा पाचरीसारखा तुकडा, काढून काम झालं. कार्डिया (जठराचं वरचं तोंड) किंवा पायलोरसजवळ (खालचं तोंड) असती तर वाट अरुंद व्हायची भीती, तिथे ओटीतच आतून स्कोपी टाकून दोन्हीकडून बघत काढतात.

गाठ तपासायला पाठवताना फॉर्मवर नुसतं 'स्टमक मास' लिहू नका, मी लिहिलं आणि पॅथॉलॉजीतून फोन आला, चांगलाच झापला. कुठली भिंत, कितीची गाठ, कुठल्या टोकाला टाका मारलाय, सगळं लिहायचं.

खरी चूक मात्र कॉरिडॉरमध्ये झाली. काकूंच्या मुलाने विचारलं, "साधीच आहे ना डॉक्टर?" आणि रिपोर्ट यायच्या आधीच मी हो म्हणून बसलो. पुढचे दहा दिवस झोप नाही. शेवटी रिपोर्ट आला: एस-१०० (मज्जातंतूच्या गाठीची खूण) पॉझिटिव्ह, सीडी-११७ (जिस्टची खूण) निगेटिव्ह, म्हणजे श्वानोमा, मज्जातंतूच्या आवरणाची बिनाइन, साधी गाठ. मुलगा पेढे घेऊन आला, म्हणाला तुम्ही तर आधीच सांगितलं होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि गप्प बसलो.