'माका कोणी सांगूक नाय' हे इंग्रजीत कसं लिहायचं? (पाट्या, मेल आणि तक्रारींसाठी)

होमस्टे असो, आंब्याची पेटी असो नाहीतर वीजबिलाची तक्रार, आपल्याकडे सगळं शेवटी 'नाही'वर येऊन थांबतं. माका कोणी सांगूक नाय. आता हेच इंग्रजीत लिहायचं म्हटलं की कोणी 'नोबडी टोल्ड मी' लिहितो, जे चूक नाही पण मेलमध्ये भांडायला आल्यासारखं वाटतं, आणि कोणी 'आय वॉज नॉट टेल' लिहितो, ते मात्र चूकच. तिथे पाहिजे 'आय वॉज नॉट इन्फॉर्म्ड', म्हणजे पॅसिव्ह, ज्यात कोणी केलं ते न सांगता काय झालं किंवा झालं नाही तेवढंच सांगतात. न सांगणाऱ्याचं नाव नाही, आवाज चढलेला नाही, तरी तक्रार पोचते.

मराठीत नाही शेवटी येतं, म्हणून इंग्रजीतही आपला हात 'नॉट' मागे मागे ढकलायला बघतो. तिथे हेल्पिंग व्हर्ब कितीही असू देत, नॉट पहिल्याच्या लगेच पुढे. 'द पेटी इज नॉट डिस्पॅच्ड' (हो, पेटी तशीच ठेवा, गिऱ्हाईकाला कळते), 'हॅज नॉट बीन डिस्पॅच्ड', 'विल नॉट बी डिस्पॅच्ड', आणि कोणी कच्चाच माल पाठवून दिला तर 'शुड नॉट हॅव बीन डिस्पॅच्ड'. 'हॅज बीन नॉट' असं करू नका. पॅसिव्हमध्ये शेवटचं क्रियापद कायम तिसऱ्या रूपात, शाळेत गो-वेंट-गॉन घोकलं त्यातलं गॉन. आणि 'डिड'चा इथे काही संबंध नाही, 'डिड नॉट रिसीव्ड' ही जी खिचडी रोज दिसते तिचं एकतर 'डिड नॉट रिसीव्ह' करा नाहीतर 'वॉज नॉट रिसीव्ड'.

'कॅननॉट' लिहिताना एकच शब्द, मध्ये जागा सोडायची नाही. 'हॅजन्ट', 'वोन्ट' व्हॉट्सॲपवर चालतं, अर्जात पूर्ण लिहा.

आता खरी गोची. 'पार्सल वॉज नॉट अराइव्ह्ड' का चुकतं? याला मी माझ्यापुरती एक मराठी युक्ती काढलीय. पोचलं की पोचवलं, ते बघा. पार्सल पोचलं नाही, म्हणजे ते आपलं आपण यायचं होतं, तिथे पॅसिव्ह नाही, 'डिड नॉट अराइव्ह'. पार्सल पोचवलं नाही, म्हणजे कोणीतरी करायचं काम राहिलं, तिथे 'वॉज नॉट डिलिव्हर्ड'. तसंच होडी सुटली नाही आणि होडी सोडली नाही. घडलं नाही याला 'वॉज नॉट हॅपन्ड' कधीच नाही. युक्ती दर वेळी चालत नाही, 'मिळालं नाही' तिच्यात बसत नाही, कारण मराठीत मिळतं आपोआप पण इंग्रजीत रिसीव्ह कोणीतरी करतं, म्हणून 'पेमेंट हॅज नॉट बीन रिसीव्ड' अगदी बरोबर.

मस्ट नॉट आणि नीड नॉट यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. सांगायचं होतं की ॲडव्हान्स ऑनलाइनच भरायला पाहिजे असं काही नाही, आणि लिहिलं 'ॲडव्हान्स मस्ट नॉट बी पेड ऑनलाइन'. पाहुणा बिचारा एटीएम शोधत फिरला आणि नोटा घेऊन आला. मस्ट नॉट म्हणजे बंदी, नीड नॉट म्हणजे गरज नाही. एका शब्दाचा फरक आहे, पण माणूस बाजारपेठभर फिरतो.

'सगळी कार्डं चालत नाहीत' हे मराठीतही गोंधळाचं आहे, एकही नाही की काहीच चालतात? 'ऑल कार्ड्स आर नॉट ॲक्सेप्टेड' तितकंच धूसर. एकही नको असेल तर 'नो कार्ड्स आर ॲक्सेप्टेड', काही चालत असतील तर 'नॉट ऑल कार्ड्स आर ॲक्सेप्टेड'. आणि 'एनिथिंग वॉज नॉट फाउंड' नाही हो, 'नथिंग वॉज फाउंड'.

'बिकॉज'पासून जरा सांभाळून. 'द ट्रिप वॉज नॉट कॅन्सल्ड बिकॉज ऑफ द रेन' याचे दोन अर्थ निघतात: पाऊस होता म्हणून ट्रिप रद्द केली नाही, किंवा रद्द केली पण कारण पाऊस नव्हतं, दुसरंच काही होतं. रद्द केली असेल तर नॉटच्या नादी न लागता सरळ लिहा, कॅन्सल्ड, आणि पुढे खरं कारण.

माहितीच्या पाटीवर मात्र नॉटवाला पॅसिव्ह शोभून दिसतो. मुरूडला 'जंजिरा वॉज नेव्हर कॅप्चर्ड', इथे नेव्हरही नॉटच्याच जागी बसलाय. जंजिरा संस्थान भारतात 1948 साली विलीन झालं, ते 'वॉज नॉट मर्ज्ड अंटिल 1948', म्हणजे 1948 पर्यंत झालं नाही, तेव्हा झालं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून पाटी 'द फोर्ट कॅननॉट बी रीच्ड ऑन फूट ॲट हाय टाइड'. मेन्यूकार्डावर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीसाठी 'फ्रेश फिश कॅननॉट बी गॅरंटीड' लिहा, 'इज नॉट सर्व्ह्ड' नको, बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते, एखाद्या दिवशी ताजी मासळी येतेच की.

'बाय' लावून करणाऱ्याचं नाव शेवटी टाकायची सवय असेल तर सोडा. नाव सांगायचंच असेल तर सरळ वाक्य करा.

माझं मत विचाराल तर नियमाला पॅसिव्ह चांगला, माफीला नाही. 'पेट्स आर नॉट अलाउड' पाटीवर छान, कोणाला राग येत नाही. पण पाहुण्याला थंड पाण्याने आंघोळ करावी लागली आणि आपण लिहितो 'द गीझर वॉज नॉट रिपेअर्ड', म्हणजे आपलं ते 'राहून गेलं' असतं ना, तसं, जसं काही ते गीझरनेच करायचं होतं. तिथे 'वी डिड नॉट रिपेअर द गीझर इन टाइम, सॉरी' लिहा आणि बिलातून थोडे कमी करा.