परदेशी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची भारतात अंमलबजावणी कशी करावी

लंडन किंवा सिंगापूर येथील न्यायालयाने नाशिकच्या अथवा रत्नागिरीच्या रहिवाशाविरुद्ध पैशाचा हुकूमनामा, म्हणजे रक्कम देण्याचा अंतिम आदेश, दिला, तर त्याची वसुली इथे कशी करायची, हा प्रश्न वकिलाकडे येतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. कागद हाती पडतात, रक्कम मोठी असते आणि ऋणकोची मालमत्ताही डोळ्यांसमोर असते. पण तिकडच्या दाव्यात समन्सची बजावणी नीट झालेली नसते, किंवा निकालात कारणेच दिलेली नसतात. परदेशी हुकूमनाम्याची इथली दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, यशस्वी होणार की नाही, हे पुष्कळदा तिकडचा दावा कसा चालला यावरच ठरते. म्हणून हे मार्गदर्शन दावा संपल्यावर नव्हे, तर तो दाखल करण्यापूर्वी वाचले जावे, अशी माझी इच्छा आहे.

सर्वप्रथम ज्या देशाचे न्यायालय आहे, तो देश भारत सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित केला आहे का, हे पाहावे. हे कलम १९३७ मध्ये, म्हणजे ब्रिटिश अमदानीत, संहितेत घालण्यात आले. साम्राज्यातील एका भागाच्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्या भागात नवा दावा न लावता अमलात यावा, ही त्यामागची कल्पना होती. इंग्लंडनेही १९२० आणि १९३३ च्या कायद्यांनी आपल्या बाजूने तशीच सोय केलेली होती. स्वातंत्र्यानंतर भारताने ही व्यवस्था कायम ठेवली आणि १९५३ मध्ये युनायटेड किंग्डमला अधिसूचित केले. पुढे यादीत आलेली सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, न्यूझीलंड, त्रिनिदाद व टोबॅगो, फिजी, पापुआ न्यू गिनी, एडन, बांगलादेश ही नावे वाचली, की जुन्या साम्राज्याचा नकाशाच समोर उभा राहतो. १७ जानेवारी २०२० रोजी संयुक्त अरब अमिरातीची भर पडली. अमेरिका मात्र या यादीत नाही. त्यामुळे फिजीच्या वरिष्ठ न्यायालयाच्या हुकूमनाम्याची जी सरळ अंमलबजावणी होऊ शकते, ती न्यूयॉर्कच्या हुकूमनाम्याची होत नाही. देशाचे नाव सापडले म्हणून तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येक अधिसूचनेत त्या देशातील कोणती न्यायालये ‘वरिष्ठ’ धरायची हेही लिहिलेले असते, आणि आपले न्यायालय त्यात असले तरच कलम ४४अ चा लाभ मिळतो.

हुकूमनामा पैशाचा असला पाहिजे. कर, दंड किंवा तशाच स्वरूपाच्या आकारणीची रक्कम या कलमाखाली वसूल होत नाही, आणि लवादाचा निवाडा यात बसत नाही. न्यायालयीन खर्चाबद्दल पूर्वी वाद होत असे. एका फ्रेंच कंपनीच्या बाजूने इंग्लंडच्या न्यायालयाने खर्चाचा आदेश दिला होता आणि त्याची दरखास्त नाशिकच्या जिल्हा न्यायालयात आली होती. त्या प्रकरणात, म्हणजे अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध सेलेम या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की खर्चाची रक्कम हा कर नव्हे आणि दंडही नव्हे, म्हणून तीही वसूल करता येते.

कागदपत्रे मोजकी लागतात, पण ती अचूक हवीत. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि त्याच परदेशी न्यायालयाचा दाखला जोडावा लागतो. किती रक्कम वसूल झाली किंवा समायोजित झाली, हे त्या दाखल्यात नमूद असते आणि तेवढ्या मुद्द्यापुरता तो निर्णायक पुरावा मानला जातो. हा दाखला परदेशातून मिळवायला वेळ लागतो, म्हणून हुकूमनामा होताच त्यासाठी अर्ज करावा. त्यानंतर संहितेच्या आदेश २१ नुसार जिल्हा न्यायालयात दरखास्त दाखल करावी, आणि जप्ती कशावर हवी हे तिच्यात नेमके लिहावे: कोणते बँक खाते, कोणता गट क्रमांक, कोणती सदनिका. अशा दरखास्तीत आदेश २१, नियम २२ प्रमाणे ऋणकोला आधी नोटीस काढावी लागते. ती टाळून थेट जप्ती मागू नये.

खरा झगडा यानंतर, संहितेच्या कलम १३ वर होतो. परदेशी न्यायालयाला अधिकारकक्षा नव्हती, निकाल गुणावगुणांवर, म्हणजे दाव्यातील मुद्दे व पुरावा तपासून, दिलेला नाही, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा लागू असलेला भारतीय कायदा डावलला, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला, निकाल फसवणुकीने मिळवला, किंवा मागणीच भारतीय कायद्याच्या भंगावर उभी आहे, यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली तरी दरखास्त फेटाळली जाते. ती सिद्ध करण्याचा भार ऋणकोवर असतो. पण प्रत्यक्षात अधिकारकक्षा आणि गुणावगुण या दोन हरकतींवर अनेक चांगले हुकूमनामे अडकतात.

अधिकारकक्षेचा नियम समजून घ्यायचा असेल तर संस्थानांच्या काळात जावे लागते. फरीदकोट संस्थानच्या न्यायालयाने आपल्या माजी खजिनदाराविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे दिले, तेव्हा तो संस्थान सोडून गेलेला होता आणि त्या न्यायालयापुढे तो हजरही झाला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठाने, १८९४ मध्ये ठरवले की प्रतिवादी तिथे राहत नसेल आणि त्याने ती अधिकारकक्षा मान्यही केली नसेल, तर वैयक्तिक दाव्यातील असा हुकूमनामा त्या प्रदेशाबाहेर निष्प्रभ आहे. ग्वाल्हेरच्या मराठा सरदार घराण्यातील मालोजीराव शितोळे यांनाही याच नियमाचा फटका बसला. त्यांना ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रतिवादींविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा दिला होता. नंतर संस्थान भारतात विलीन झाले, तरी हुकूमनामा देताना ते न्यायालय परकीय होते, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये उत्तर प्रदेशात त्याची अंमलबजावणी नाकारली. सीमा बदलल्याने अडचण सुटल्याचे उदाहरण गोव्याचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा १९६० चा एक हुकूमनामा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात चालू शकत नव्हता. १५ जून १९६६ रोजी आपली दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यात लागू झाली आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला.

म्हणून करार करतानाच वादासाठी कोणत्या न्यायालयाची अधिकारकक्षा दोघांना मान्य आहे, हे स्पष्ट कलमात लिहून घ्यावे. प्रतिवादी हजर झाला नाही तरीही साक्षीपुरावा नोंदवावा आणि न्यायाधीशांना कारणांसह निकाल देण्याची विनंती करावी. प्रतिवादी आला नाही एवढ्याच कारणाने, पुरावा न पाहता दिलेला एकतर्फी हुकूमनामा गुणावगुणांवरचा ठरत नाही, हे इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निर्णयाने पक्के केले आहे. तिकडे एका दिवसात मिळालेला झटपट निकाल इथे अनेक वर्षे वाया घालवू शकतो.

मुदतीबाबत गाफील राहू नये. भारतातील हुकूमनाम्याला १२ वर्षे मिळतात म्हणून परदेशी हुकूमनाम्यालाही तेवढीच मिळतात, असा समज सर्रास आढळतो. लंडनच्या न्यायालयाच्या १९९५ च्या हुकूमनाम्याची दरखास्त एका बँकेने २००९ मध्ये बंगळूरुला दाखल केली. ज्या देशाचा हुकूमनामा त्या देशाची मुदत लागू होते आणि इंग्लंडमध्ये ती सहा वर्षे आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. हुकूमनामा अधिसूचित नसलेल्या देशाचा असेल, तर त्याच्या आधारे भारतात नवा दावा लावावा लागतो आणि त्याला निकालाच्या तारखेपासून तीनच वर्षे मिळतात.

शेवटी ऋणकोच्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आखाती देशांत नोकरी करून कोकणात परतलेली अनेक कुटुंबे २०२० नंतर कलम ४४अ च्या कक्षेत आली आहेत. दुबईतील कर्जाचा हुकूमनामा आता नवा दावा न लावता इथल्या जिल्हा न्यायालयात येऊ शकतो. तिकडचे समन्स आले तर ते बाजूला ठेवू नये. कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या भाषेत ते मिळाले याची नोंद करून लिफाफ्यासह जपून ठेवावे. भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या आणि खात्याचे उतारे एकत्र करावेत. दरखास्तीची नोटीस मिळाल्यास पहिल्याच तारखेला हजर होऊन कलम ४७ (अंमलबजावणीतील वादांबाबतचे) आणि कलम १३ खालील हरकती लेखी दाखल कराव्यात, आणि परदेशी न्यायालयाच्या दाखल्यातील वसुलीचा आकडा आपल्या पावत्यांशी ताडून पाहावा.