जुनी लष्करी रायफल घेताय? या चुका टाळा

मुंबईत 'थ्री नॉट थ्री' म्हटलं की २००८ मधली ती नोव्हेंबरची रात्र आणि सीएसटीवरच्या पोलिसांच्या हातातल्या जुन्या रायफली आठवतात. तशीच एक आपल्याकडे असावी अशी हौस असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, साध्या लायसन्सवर ती मिळत नाही. परवानाधारक दुकानात 'मिलिटरी टाइप' म्हणून जी समोर ठेवतात ती बहुधा .३१५ स्पोर्टिंग असते. अ‍ॅक्शन (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) ली-एनफिल्डचीच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच, बोअर मात्र वेगळा. फौजेची काडतुसं खासगी बंदुकीत चालू नयेत म्हणून इंग्रजांच्या काळात तो मुद्दाम वेगळा ठेवला होता. खरी सरप्लस (फौजेने विकून टाकलेली) एनफिल्ड घेतात ते अमेरिकेतले भाचे-पुतणे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, "मामा, घेऊ का ही?" चुका मात्र इथल्या आणि तिथल्या गिऱ्हाइकाच्या सारख्याच.

आणि हो, हातात घेतल्याबरोबर मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. दुकानदार "रिकामी आहे साहेब" म्हणाला तरीही.

लाकडावर भाळणं ही सगळ्यात मोठी चूक. फौजेच्या रायफलीला अळशीचं तेल लावलेलं असायचं, त्याचा रंग मंद आणि काळपट असतो. दस्ता (रायफलीचं लाकूड) आरशासारखा चकाकत असेल तर कुणीतरी तो घासून वर पॉलिश चढवलंय. बटप्लेटच्या कडेवरून नख फिरवा. लाकूड लोखंडाच्या बरोबरीला किंवा किंचित वर हवं. ते खाली बसलेलं लागलं तर घासताना लाकूड गेलंय, आणि पुढच्या दस्त्यातही बसणी ढिली झाली असण्याची शक्यता आहे. एनफिल्डमध्ये गोळी सुटल्याचा धक्का ट्रिगरजवळच्या लाकडाच्या दोन खांद्यांवर येतो. तिथे बारीक चीर असली की नेम कधीच एका जागी बसत नाही, मग नळी कितीही चांगली असो.

म्हणून पुढचा दस्ता (नळीखालचं लाकूड) उतरवून दाखवायला सांगा, पण दुकानाच्या मिस्त्रीकडूनच उतरवून घ्या. मागचा दस्ता आधी सोडवायचा मोह अनेकांना होतो. एनफिल्डच्या जुन्या एसएमएलई जातीत मागचा दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं (स्क्रूचं) चौकोनी टोक पुढच्या दस्त्यातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचा दस्ता न काढता तो बोल्ट फिरवला की लाकूड उभं फाटतं. दुकानात कितीतरी दस्ते असेच फाटलेले दिसतात, वर लुकण भरून रंग मारलेले.

दस्ता उतरला की नळीची खालची बाजू बघा. आपल्या हवेत ती पहिली सडते. चामड्याच्या किंवा फेल्टच्या कव्हरात घालून कपाटात ठेवलेली बंदूक चार पावसाळे काढते, वरून ती निळीशार राहते आणि लाकडाखाली खड्डे पडतात. हलका तांबूस थर पुसला जातो, त्याचं काही नाही. नख अडकेल इतका खड्डा असेल तर सरळ परत द्या.

नळीच्या आत बघताना लोक फसतात ते तेलामुळे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते उडाल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठासारखाच ओल ओढणारा क्षार. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून फौजेत नळीतून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. नुसतं तेल मारून ठेवलेली नळी आतून खाल्ली जाते आणि वरून चमकते. आधी कोरडी चिंधी दोन-तीनदा फिरवायला सांगा, मगच उजेडाकडे धरून बघा. नळी थोडी काळसर असली तरी ठीक, आटे (आतल्या वळणदार खाचा) धारदार असले तर ती अजून नेम धरते. पण मध्येच एक काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी आत काही अडकलेलं असताना गोळी झाडली गेलीय. अशा बंदुकीसाठी घासाघीस करू नका, उठून या.

नळीचं तोंडही बघा. एनसीसीत ज्यांनी पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) ओढलाय त्यांना लगेच कळेल. दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासली की तोंडाचा गोल लंबगोल होतो.

बोल्टचा नंबर आणि अ‍ॅक्शनचा नंबर जुळला की सगळं जुळलं असं मानणं हीही चूकच. हँडलच्या मागचा नंबर खोडून नवा ठोकलेला असतो. जुन्या आकड्याची सावली भिंगाखाली दिसते. खरी परीक्षा हेडस्पेसच्या गेजची, म्हणजे मिटलेला बोल्ट आणि काडतुसाची बैठक यांच्यातलं अंतर तपासायची. .३०३ मध्ये मोजमाप काडतुसाच्या कडेवर असतं, ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटायला हवा, ०.०७४ वर मिटता कामा नये. .३१५ चा गेज वेगळा, तो मिस्त्रीकडे नसेल तर दुसरा मिस्त्री बघा. भाच्याची 'नंबर ४' (एसएमएलईनंतरची एनफिल्ड) असेल तर बोल्ट हेडवरचा, म्हणजे बोल्टच्या पुढच्या टोकावरचा, आकडा विचारा. ते ० ते ३ असे येतात, ३ लागला असेल तर पुढे वाढवायला जागाच उरलेली नाही.

उलट काही चांगल्या रायफली लोक उगाच नाकारतात. युद्धकाळातल्या काही नंबर ४ मध्ये पाचाऐवजी दोनच आटे असतात, ती झीज नव्हे, तशीच बनवलेली आहे. ईशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिमी बोअरची '२ए' रायफल ही जुन्या .३०३ वरून बदललेली आहे असंही सांगितलं जातं. ते खोटं आहे, ती त्या बोअरसाठी अधिक मजबूत पोलादात नव्याने केलेली होती. 'डीपी' असा ठसा मात्र कुठेही दिसला तर ती कवायतीची रायफल. तिच्यातून गोळी झाडायची नसते.

आता कागद. खासगी माणसाकडून घेत असाल तर शस्त्र कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने आधी लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात. "आज घेऊन जा, नंतर चढवू लायसन्सवर" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे आजोबांची एक आणि वडिलांची एक आधीच घरात तुमच्या नावावर असेल तर तिसरीचा विषयच येत नाही. लायसन्सवर लिहिलेला नंबर लोखंडावरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळवून घ्या. जुन्या हस्तलिखित लायसन्सवर १ चा ७ झालेला असतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी तो तुम्हालाच निस्तरावा लागतो.